पश्मीचे केस

नवेगाव बांधच्या जंगलात रानकुत्र्यांचा कळप आडवा गेला, की अंगाआधी शेपट्या दिसतात. अंग तांबूस, केस आखूड आणि शेपूट मात्र झुपकेदार, टोकाला काळपट. मराठीत याला कोळसुंदा म्हणतात. हा मराठी शब्द १८३१ साली लंडनमध्ये छापला गेला. पाळीव कुत्र्याची जात केसांच्या लांबीवरून ठरवावी की नाही, या आजच्या वादातला आपल्याकडचा जुना पुरावा शोधायचा, तर त्याच छापील पानांपाशी जावं लागतं.

ती पानं कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांची. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्यांना सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलं. गावं, पिकं, वजनं-मापं मोजता मोजता त्यांनी दख्खनचे प्राणीही टिपले. सस्तन प्राण्यांची त्यांची यादी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात निघाली. तिच्यात रानकुत्र्याला त्यांनी दख्खनवरूनच ‘कॅनिस दुखुनेन्सिस’ असं नाव दिलं आणि मराठे याला ‘कोळसून’ म्हणतात अशी नोंद केली. चेहरा कसा, तर एखाद्या राठ, तिरसट इराणी ग्रेहाउंडसारखा. कोल्हा, खोकड, लांडगा यांच्याशी काही साम्य नाही, असंही ते बजावतात.

रानकुत्रा संपला की साइक्स पाळीव कुत्र्यांकडे वळतात. मजकूर थोडकाच आहे, पण इतिहासाच्या दृष्टीने सोन्याचा. ताकदीने आणि आकाराने पहिला नंबर ते ‘ब्रिंजारी’ कुत्र्याला देतात, म्हणजे बंजाऱ्यांच्या तांड्याबरोबर चालणाऱ्या कुत्र्याला. तो काहीसा इराणी ग्रेहाउंडसारखा, पण त्याहून पुष्कळ दणकट. मग गावात मोकळी फिरणारी, कुणाच्याच मालकीची नसलेली कुत्री येतात. त्यांच्यातलाच एक लाडावलेला, इवलासा प्रकार बहुतेक पांढरा असतो, लांब रेशमी केसांचा. त्याला मशाल आणि कंदील धरून चालायला शिकवतात, असं साइक्स लिहितात. शेवटी येतो पोलिगार कुत्रा. त्याचे केस इतके आखूड, की तो उघडाच वाटावा.

केसांचा उल्लेख कुठे आहे ते पाहा. लांब रेशमी केसांच्या छोट्या कुत्र्याजवळ आहे, उघड्या दिसणाऱ्या पोलिगारजवळ आहे. बंजाऱ्यांच्या कुत्र्याजवळ एक शब्दही नाही. यातून दोन परस्परविरोधी अनुमानं निघतात. त्या काळी इंग्रज ज्याला इराणी ग्रेहाउंड म्हणत, त्याच्या कानांवर आणि शेपटीवर रेशमी झालर असे. तेव्हा बंजाऱ्यांचा कुत्राही झालरवाला असावा, हे पहिलं. दुसरं असं, की साइक्स ‘काहीसा’ म्हणतात, आणि झालर डोळ्यांत भरण्यासारखी असती तर कंदील टिपणाऱ्या माणसाने ती सोडली नसती. माझा कल तिसऱ्या शक्यतेकडे आहे. तांड्यात दोन्ही प्रकार दिसत असावेत आणि म्हणूनच केस ही त्या कुत्र्याची ओळख ठरली नसावी. हे अनुमानच आहे. एका परिच्छेदावर याहून जास्त इमला चढवू नये.

साइक्सच्या रानकुत्र्याचं पुढे काय झालं, तेही इथे कामाला येतं. पीटर सायमन पॅलास यांनी १८११ मध्ये उत्तर आशियातल्या दाट केसांच्या रानकुत्र्याला आधीच एक नाव दिलेलं होतं. ब्रायन हॉजसन यांनी १८३३ मध्ये नेपाळच्या रानकुत्र्याला आणखी एक दिलं. शतकभर ही नावं शेजारी शेजारी नांदली. सेंट जॉर्ज मायवर्ट यांच्या १८९० च्या ग्रंथातही उत्तरेचा आणि दक्षिणेचा रानकुत्रा हे दोन वेगळे प्राणी आहेत. १९३६ मध्ये रेजिनाल्ड पोकॉक यांनी कातडी आणि कवट्या पुन्हा तपासल्या आणि सगळ्यांना एकाच प्राण्याच्या छत्राखाली आणलं. थंडीच्या मुलखात केस दाट, उष्ण मुलखात विरळ, एवढ्यावरून प्राणी वेगळा होत नाही. काश्मीरकडच्या केसाळ उपप्रकाराला मात्र पोकॉक यांनी खास लॅटिन नाव दिलं, ‘लॅनिजर’. अर्थ, लोकर वाहणारा.

फारसीत लोकरीला ‘पश्म’ म्हणतात. ‘पश्मिना’ त्यातूनच आला, आणि ‘पश्मी’ही.

पश्मी म्हणजे कारवानीचा, म्हणजे तांड्या-कारवानांवरून नाव पडलेल्या आपल्या देशी शिकारी कुत्र्याचा, झालरवाला भाऊ. तीच लांब तोंडाची, खोल छातीची, पोट आत ओढलेली चण. फरक कानांवर, पायांच्या मागे आणि शेपटीवर लोंबणाऱ्या केसांचा. मराठवाडा, सोलापूर आणि कर्नाटकाचा लागून असलेला भाग, इथे दोन्ही नावं गावकऱ्यांच्या तोंडी आहेत. कारवानीला कागदोपत्री प्रतिष्ठा मिळाली ती मुधोळ संस्थानामुळे. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची निगुतीने पैदास केली, एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, असं सांगतात. पुढे केनेल क्लब ऑफ इंडियाने ‘कॅरव्हान हाउंड’ या नावाने जात नोंदवली, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबने ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. टपाल खात्याने २००५ साली चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांतही मुधोळ आहे. कॅरव्हान हाउंडच्या लेखी मानकात अंगावरचे केस आखूड आणि गुळगुळीत हवेत. त्या एका ओळीने पश्मी दाराबाहेर राहिला.

ही ओळ वेगळीही लिहिता आली असती, आणि इतरांनी ती लिहिलेली आहे. इंग्लंडच्या केनेल क्लबने १९२३ मध्ये सालुकीला मान्यता दिली. सालुकी म्हणजे तोच जुना ‘इराणी ग्रेहाउंड’. त्याच्या मानकात झालरवाला आणि गुळगुळीत असे दोन्ही प्रकार एकाच जातीत बसतात. बेल्जियममध्ये प्राध्यापक अडॉल्फ रूल यांनी १५ नोव्हेंबर १८९१ ला कुरेगेम इथे ११७ मेंढपाळी कुत्री एकत्र करून तपासली. चण सगळ्यांची एकच. मग जात एक ठेवून केसांवरून पोटभेद केले गेले: लांब, आखूड, राठ. नक्षलग्रस्त भागात सीआरपीएफच्या जवानाबरोबर दिसणारा मेलिनॉइ हा त्यांतला आखूड केसांचा. जर्मन शेफर्डची गोष्ट तर अलीकडची आहे. लांब केसांचा शेफर्ड मानकात दोषी समजला जाई. २०१० च्या आंतरराष्ट्रीय मानकात दाट अंतर्लोकर असलेला लांब केसांचा प्रकारही अधिकृत झाला. कुत्रा तोच होता, मजकूर बदलला.

आखूड केसांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पावसाळा सरला की माळावर कुसळ पिकतं. झालरवाला कुत्रा सशामागे शेतभर धावून आला, की त्याच्या कानांच्या आणि पायांच्या केसांत कुसळांची जाळी होते. ती बोटांनी एकेक सोडवावी लागते, राहिली तर कातडीत शिरते, जखम पिकते. त्या केसांच्या मुळाशी गोचिडी दडून बसतात त्या वेगळ्याच. धनगराने किंवा शिकाऱ्याने गुळगुळीत पिलू निवडलं असेल, तर ते या अनुभवातून. पण ती घरच्या सोयीची निवड आणि वंशाच्या शुद्धतेचा दाखला, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. क्लबच्या वहीत ती एक झाली.

त्यात निसर्गही वहीचं ऐकत नाही. २००९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दाखवलं, की कुत्र्यांच्या केसांमधली बहुतेक विविधता अवघ्या तीन जनुकांच्या हेरफेराने होते. लांबीचं मुख्य जनुक एफजीएफ-५. अनेक जातींत लांब केसांचा गुण आखूड केसांपुढे दबून राहतो. त्यामुळे दोन गुळगुळीत आईबापांच्या वेतात लांब केसांचं पिलू निघू शकतं. शिवाय अशा कुत्र्यांत झालर जन्मतः दिसत नाही. लहानपणी सगळीच पिलं मऊ आणि सारखी, कान-शेपटीचे केस पुढे काही महिन्यांनी सुटतात. नोंदणी मात्र पिलं लहान असतानाच होते. तेव्हा कागदावर कारवानी असलेला कुत्रा मोठेपणी पश्मी निघाला, तर खोटं कुणाला ठरवायचं? कुत्र्याने कुणाचाही केसाने गळा कापलेला नसतो.

माझं मत असं, की मानकाची ती ओळ फार घाईने लिहिली गेली. साइक्सचा परिच्छेद तिच्या बाजूने साक्ष देत नाही, सालुकीचं उदाहरण तिच्या विरुद्ध जातं. नव्याने लिहायचीच झाली, तर जुनी छायाचित्रं उपयोगी पडतील. लातूर, सोलापूर, सांगलीकडच्या वाड्यांत, गढ्यांत शिकारीचे फोटो भिंतीवर आहेत. घोडा, बंदूक, पाटील, आणि पायाशी कुत्रा. असा फोटो तुमच्या घरी असेल, तर कुत्र्याचे कान आणि शेपूट निरखून पाहा, आणि साल नि गाव फोटोच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा. पेनाची शाई पुढे उमटते.