माहितीची मांडणी आणि वाचकाचा वेळ : डॉ. रंगनाथन यांच्या वर्गीकरणविचाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
माहिती उपलब्ध असणे आणि ती सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीची सूचना असते. परंतु ती परिपत्रकांत पाहावी की विद्यार्थी कल्याण विभागात, हे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याच्या हाती ती मुदत संपल्यावर लागते. हा प्रश्न संगणकयुगाचा मानला जातो. वस्तुतः ग्रंथालयशास्त्राने त्याचा विचार फार पूर्वीच केला आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन (१८९२-१९७२) यांच्या कार्याच्या आधारे त्या विचाराचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दशांश पद्धती व तिची मर्यादा :
मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण प्रसिद्ध करून ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग पाडले. ही पद्धती सुटसुटीत असल्याने जगभर रुजली. तथापि, प्रत्येक मांडणीत मांडणाऱ्याची दृष्टी उतरते. धर्म या वर्गातील बहुतांश विभाग ख्रिस्ती धर्माच्या वाट्याला आले, तर अन्य धर्म २९० या एका विभागात सामावले गेले. शिवाय, अनेक विषयांना स्पर्श करणाऱ्या ग्रंथालाही या पद्धतीत एकच जागा मिळत असे.

रंगनाथन यांचे योगदान :
गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. प्रशिक्षणासाठी लंडनमध्ये असताना तेथील एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच त्या सुट्या भागांच्या जोडणीतून निरनिराळ्या वस्तू तयार होत होत्या. विषयाला आधीच आखलेल्या खणात बसविण्याऐवजी त्याचे घटक सुटे करून जोडावेत, ही कल्पना त्यांना त्यातून सुचली. १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, स्थळ आणि काळ या पाच मूलभूत श्रेणी निश्चित केल्या.

उदाहरणार्थ, १९७२ च्या दुष्काळातील महाराष्ट्राच्या शेतीवरील ग्रंथ घेऊ. कृषितज्ज्ञ तो पिकाच्या अंगाने शोधेल, इतिहासाचा अभ्यासक काळाच्या, तर प्रादेशिक संशोधक स्थळाच्या अंगाने. ग्रंथ फडताळात एकाच जागी राहतो. परंतु त्याच्याकडे नेणाऱ्या वाटा अनेक असू शकतात.

या तंत्रामागील भूमिका १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाच सूत्रांत दिसते. त्यांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे आहे.

संकेतस्थळांच्या संदर्भात :
याहूची १९९४ मध्ये सुरू झालेली निर्देशिका वर्ग-उपवर्गांच्या उतरंडीवर आधारलेली होती. महाजालाच्या अफाट वाढीपुढे ती अपुरी पडली व २०१४ मध्ये बंद झाली. याउलट, आज ऑनलाइन ग्रंथसूचीत लेखक, भाषा, वर्ष व विषय यांनुसार शोध क्रमाक्रमाने मर्यादित करता येतो. या सोयीमागे पैलूनिहाय वर्गीकरणाचेच तत्त्व आहे. संगणकावर फडताळाचे बंधन नसल्याने ते अधिक मोकळेपणाने राबविता येते.

निष्कर्ष :
तंत्रज्ञान बदलले तरी वर्गीकरणाचा मूळ प्रश्न बदललेला नाही. संस्थेची माहिती कार्यालयीन विभागांनुसार मांडली, तर ती संस्थेला सोयीची ठरते; वाचकाच्या प्रश्नांनुसार मांडली, तर ती वाचकाच्या उपयोगी पडते. ‘मी शिष्यवृत्तीस पात्र आहे का, अर्ज कोठे व कधीपर्यंत करावा?’ हा विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. संकेतस्थळाची रचना करताना संगणकतज्ज्ञांबरोबर महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनाही सहभागी करून घ्यावे, असे या इतिहासावरून सुचवावेसे वाटते.