जुनी पट्टी सोबत आणा

रॅमच्या पट्टीची खाच बरोबर मध्यावर नसते, आणि ते मुद्दामच. पट्टी उलटी बसू नये, एका पिढीची दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये शिरू नये, यासाठी ती सरकवलेली असते. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्ही पट्ट्यांना पिना २४०च. पण एकीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५. घोटाळा टाळायला खाच तेवढी वेगळ्या जागी.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक चालू झाला, तेव्हा असल्या खाचेची गरजच नव्हती. त्याची स्मृती म्हणजे फेराइटच्या बारीक कड्या, क्षमता २०४८ शब्दांची. यंत्र संस्थेतच बांधलेलं, मग कुणाचं कुणाशी जुळवायचं? जुळवाजुळव आली ती सुट्या भागांच्या बाजारामुळे. बोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसरीची, आणि जोडणारा तिसराच. मुंबईचा लॅमिंग्टन रोड याच असेंबल संगणकांवर नावारूपाला आला.

नव्वदीच्या सुरुवातीचा हिशेब तर फारच जाचक. ३० पिनांची पट्टी एका वेळी ८ बिट द्यायची आणि ४८६ प्रोसेसरला हवे असायचे ३२. म्हणजे चार पट्ट्या, त्याही सारख्या. पेंटियमला ७२ पिनांच्या दोन लागत. १६८ पिनांची एसडीरॅम आली, तेव्हा कुठे एकटी पट्टी विकत घेण्यात अर्थ आला.

२००१मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि तालुक्यांच्या गावी संगणकाचे वर्ग निघू लागले. त्याच वर्षी विंडोज एक्सपी आलं. ते ६४ एमबीवर चालतं असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं, पण शिफारस १२८ची. म्हणजे रॅम वाढवणं आलंच. भोरहून सुटा भाग आणायचा तर कापूरहोळला महामार्ग गाठायचा, कात्रज ओलांडून पुण्यात स्वारगेटला उतरायचं. वेल्ह्याच्या आतल्या गावांहून निघालं, तर दिवस त्यातच गेला. आणलेली पट्टी बसली नाही की पुन्हा तीच वारी.

त्या काळी नुसती बसून भागत नसे. इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डात आठ चिपांची २५६ एमबीची पट्टी लावली, तर स्क्रीनवर १२८च दिसत. त्याच क्षमतेची सोळा चिपांची, दोन्ही बाजूंनी भरलेली पट्टी मात्र पूर्ण दिसे. पट्टी सदोष नव्हे. तिच्यावरच्या दाट चिपा त्या बोर्डाला ओळखताच येत नसत. ‘सिंगल साइड की डबल साइड’ हा प्रश्न तेव्हा उगाच विचारला जात नव्हता. बोर्डाचा नंबर लिहून नेणं किंवा जुनी पट्टीच खिशात घालून नेणं, हा त्यातला शहाणपणाचा मार्ग.

पट्टी योग्य असूनही संगणक नुसताच बीप देत राहिला, तर खोडरबर काढायचं. सोनेरी पिनांवर हलक्या हाताने फिरवायचं, चुरा झटकायचा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्कन लागेपर्यंत पट्टी दाबायची. पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं.

डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांच्याही पिना सारख्याच, २८८; खाच पुन्हा सरकलेली. नवी भानगड वेगाची आहे. डीडीआर-५च्या चारही स्लॉटमध्ये पट्ट्या भरल्या की अनेक बोर्डांवर वेग उतरतो. त्यामुळे ३२ जीबी हवी असेल, तर आठच्या चार घेण्यापेक्षा सोळाच्या दोन घेतलेल्या बऱ्या.