80 स्टड आणि सकाळचे 8.13

दक्षिण सायबेरियातल्या खाकासियात येनिसेई नदीवर सयानो-शुशेन्स्काया हे रशियातलं सर्वांत मोठं जलविद्युत केंद्र आहे. 640 मेगावॉटची दहा युनिटं, एकूण क्षमता 6,400 मेगावॉट. त्यातल्या दोन नंबरच्या युनिटचं झाकण 80 स्टडांनी, म्हणजे आटे पाडलेल्या पोलादी दांड्यांनी, खाली दाबून धरलेलं होतं. इंजिनाचं हेड ब्लॉकवर बसतं, तसंच हे झाकण टर्बाइनवर बसतं. इंजिनात खालून पेटलेल्या वायूचा दाब येतो, इथे धरणाच्या पाण्याचा. पुढच्या वेळा स्थानिक घड्याळाच्या आहेत.

रविवार, 16 ऑगस्ट 2009. रात्री साडेआठच्या सुमारास

अंगारा नदीवरच्या ब्रात्स्क जलविद्युत केंद्रात दूरसंचार कक्षाला आग लागली आणि सायबेरियाच्या भारनियंत्रण केंद्राचा ब्रात्स्कशी संपर्क तुटला. ग्रिडवरचा भार वर-खाली झाला की त्याप्रमाणे वीज कमी-जास्त करण्याचं काम तोवर ब्रात्स्क करत होतं. आता ते सयानोकडे आलं.

रात्री 11.14

दोन नंबरचं युनिट सुरू केलं गेलं. जानेवारी ते मार्च त्याची दुरुस्ती झाली होती, वेग आणि भार सांभाळणारा नवा गव्हर्नर बसला होता. म्हणून भार वर-खाली करण्यात त्यालाच पहिला मान दिला गेला. अर्ध्या तासात ते 600 मेगावॉटवर पोचलं.

हे युनिट नोव्हेंबर 1979 मध्ये चालू झालेलं. बनवणाऱ्या कारखान्याने त्याचं आयुष्य 30 वर्षं सांगितलं होतं, म्हणजे अडीच-तीन महिने उरले होते. दुरुस्तीत बरंच काही झालं, पण झाकणाच्या स्टडांची अल्ट्रासोनिक तपासणी झाली नाही. नियमपुस्तकात ती मागितलेलीच नव्हती.

मध्यरात्र ते पहाट

रात्रभर या युनिटचा भार 10 ते 610 मेगावॉटच्या दरम्यान हलवला जात होता. अशा टर्बाइनला एक मधला पट्टा सोसत नाही. त्या पट्ट्यात पाण्याचा प्रवाह रनरखाली (टर्बाइनच्या फिरत्या चाकाखाली) भोवऱ्यासारखा पिळवटतो, दाब धडधडतो आणि सगळं यंत्र हादरतं. तिथे थांबू नये आणि पार करायचंच असेल तर झटकन करावं, असा दंडक होता. त्या एका रात्री दोन नंबरने तो पट्टा सहा वेळा ओलांडला.

इथे थांबून स्टडचं काम नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नट कसला की स्टड ताणला जातो, किंचित लांब होतो, आणि तो ताणच झाकणाला खाली दाबून धरतो. हा आधीचा ताण खालून येणाऱ्या दाबापेक्षा जास्त असेल, तर दाब कितीही धडधडला तरी स्टडला त्याचा जेमतेम अंश जाणवतो. ताण कमी पडला, तर प्रत्येक धडक सरळ स्टडवर येते. मग आट्याच्या मुळाशी केसाएवढी चीर पडते आणि प्रत्येक फेऱ्याला थोडी पुढे सरकते. धातू थकतो म्हणतात तो असा.

रेसिंगसाठी इंजिन बांधणारे लोक हेडच्या स्टडांवर इतका वेळ का घालवतात, त्याचंही कारण हेच. मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर फोर-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला 50 स्फोट होतात. टर्बो लावून दाब वाढवला की कंपनीच्या मूळ बोल्टांचा ताण अपुरा पडतो, हेड सूक्ष्म उचललं जातं आणि गॅस्केट उडतं. म्हणून चांगला मिस्त्री आटे स्वच्छ करतो, स्टड बनवणाऱ्याने सांगितलेलंच वंगण लावतो, मधल्या स्टडपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जातो आणि टप्प्याटप्प्याने टॉर्क वाढवतो. टॉर्क रेंचचा ‘टक्’ आवाज आला म्हणजे काम झालं, ही समजूत धोक्याची आहे. लावलेल्या जोरातला साधारण निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, 40 टक्क्यांच्या आसपास आट्यांमध्ये, आणि स्टड ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. आटे कोरडे किंवा गंजलेले असतील तर रेंच तोच आकडा दाखवेल, पण ताण कितीतरी कमी भरलेला असेल. जाणकार म्हणूनच रेंचबरोबर स्टड किती लांबला तेही मोजतात. हे मोजमाप मला फार मोलाचं वाटतं, कारण रेंच फक्त फिरवण्याचा जोर दाखवतो आणि झाकण धरून ठेवतो तो ताण.

सयानोच्या स्टडांचा व्यास 80 मिलिमीटर होता. मनगटाहून जाड पोलाद. पण जाडीमुळे थकव्याचा नियम बदलत नाही.

सोमवार, 17 ऑगस्ट. सकाळी 8.00

पाळी बदलण्याची वेळ. आठवड्याचा पहिला दिवस आणि सहा नंबरचं युनिट दुरुस्तीला उघडलेलं, त्यामुळे टर्बाइन हॉलमध्ये रोजच्यापेक्षा जास्त माणसं होती.

चौकशी अहवालानुसार या वेळी दोन नंबरच्या टर्बाइन बेअरिंगचं कंपन 0.6 मिलिमीटर होतं. मर्यादा होती 0.16. एप्रिलपासून हे कंपन सुमारे चौपट झालं होतं. ते सतत मोजणारी यंत्रणा त्याच वर्षी बसवलेली होती, पण रीतसर कामाला लावलेली नव्हती. आकडे नोंदले जात होते आणि ते पाहून यंत्र थांबवण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. या साऱ्या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त राग येतो तो याचा.

8.13

भार कमी होत 475 मेगावॉटवर आला, म्हणजे नेमका त्या वर्ज्य पट्ट्यात. कंपन 0.84 मिलिमीटर. धरणाच्या पाण्याची उंची 212 मीटर.

स्टड तुटले. झाकण, रनर, शाफ्ट आणि रोटर असं सुमारे दीड हजार टनांचं यंत्र पाण्याने वर फेकलं. त्या युनिटमधून सेकंदाला 256 घनमीटर पाणी जात होतं. ते आता हॉलमध्ये उसळू लागलं. छप्पर आणि भिंती कोसळल्या. खालचे मजले पाण्याखाली गेले आणि तिथे कामावर असलेल्यांना बाहेर पडायला वेळच मिळाला नाही. वीज गेली, नियंत्रण गेलं. आपोआप व्यवस्थित बंद पडलं ते फक्त पाच नंबरचं युनिट. सात आणि नऊ नंबरची युनिटं आवरली गेली नाहीत, तीही उद्ध्वस्त झाली.

8.13 ते 9.20

पाणी थांबवायचं तर धरणाच्या माथ्यावरचे दरवाजे पाडायला हवे होते, आणि ते पाडणारी यंत्रणा विजेअभावी निकामी झालेली. कर्मचारी माथ्यावर पोचले आणि त्यांनी ते दरवाजे हातांनी बंद केले. 9.20 पर्यंत पाणी थांबलं. या माणसांनी ते केलं नसतं तर मृतांचा आकडा आणखी वाढला असता.

11.32 ते 13.07

युनिटांमधून पाणी जाणं थांबलं आणि येनिसेई मात्र धरणात येतच होती. फिरता डिझेल जनरेटर आणून माथ्यावरच्या क्रेनला वीज दिली गेली. 13.07 ला सांडव्याचे अकराही दरवाजे उघडले.

75 माणसं गेली.

नंतर

ढिगाऱ्यातून मिळालेले 49 स्टड प्रयोगशाळेत गेले. 41 स्टडांत थकव्याच्या चिरा होत्या. त्यातल्या आठांत चीर 90 टक्क्यांहून अधिक छेदात पसरलेली होती, म्हणजे ते स्टड नावालाच उरले होते. सहा स्टडांचे आटे शाबूत होते आणि अपघाताच्या क्षणी त्यांच्यावर नटच नव्हते. अशा चिरा एका रात्रीत पडत नाहीत. ब्रात्स्कची आग आणि ते सहा फेरे हे शेवटचे धक्के होते. असे चिरलेले स्टड त्याआधीही रोज झाकण धरून उभे होते.

इशारा मिळालेला नव्हता असंही नाही. 1983 मध्ये ताजिकिस्तानातल्या नुरेक केंद्रात टर्बाइनच्या झाकणाच्या 72 स्टडांपैकी 50 असेच तुटले होते. तिथे पाणी वेळेत रोखता आलं आणि अनर्थ टळला. तेव्हा सोव्हिएत संघ एकच देश होता. तो धडा येनिसेईवर पोचायला हवा होता आणि 26 वर्षांत पोचला नाही.

अल्ट्रासोनिक तपासणीने अशी चीर स्टड जागेवर असतानाच सापडते. दोन महिन्यांच्या दुरुस्तीत 80 स्टड तपासणं अवघड नव्हतं. नियमात लिहिलेलं नव्हतं हे खरं, पण नट नसलेले स्टड दिसायला नियम लागत नाही. माझ्या मते दोष तिथेच पक्का होतो.

केंद्राची दहाही युनिटं पुन्हा उभी राहायला नोव्हेंबर 2014 उजाडला. त्याच वर्षी 24 डिसेंबरला न्यायालयाने सातही आरोपींना दोषी ठरवलं. केंद्राचे तेव्हाचे संचालक आणि मुख्य अभियंता यांना प्रत्येकी सहा वर्षांचा कारावास झाला.