जनरेटर कुणाच्या अंगणात?

घरासाठी जनरेटर घेणे हा प्रत्येकाचा खासगी मामला आहे, असे आपण समजतो. ऐपत असेल तर घ्यावा, नसेल तर मेणबत्ती लावावी. पण महाराष्ट्रातल्या भारनियमनाची गेली पंचवीस वर्षे पाहिली, की हा मामला तितका खासगी राहत नाही. वीज कुणाकडे आधी जाते, कुणाकडे आधी येते आणि मधल्या अंधाराची किंमत कोण मोजतो, हा इतिहासाचा विषय आहे. त्यात आमच्या यंत्रमागवाल्या वस्त्यांचे एक पान आहे. ते सहसा वाचले जात नाही, म्हणून हा लेख.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली राज्याबरोबरच जन्माला आले. पुढची तीन दशके गावोगावी खांब आणि तारा पोहोचवण्यात गेली. नव्वदच्या दशकात मागणी वाढली आणि सरकारने एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पावर भिस्त ठेवली. १९९५ साली नव्या सरकारने करार रद्द केला, १९९६ साली तोच करार फेरवाटाघाटी करून पुन्हा झाला. १९९९ साली ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. ती वीज इतकी महाग पडली, की २००१ च्या मे महिन्यात मंडळाने ती घेणेच थांबवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली आणि गुहागर तालुक्यातला तो अजस्र कारखाना काही वर्षे थंड पडून राहिला. राज्यातली मागणी मात्र वाढतच होती. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण कंपनी उभी राहिली, ती ही तूट वारशाने घेऊनच.

त्या काळात बाजारात दोन वस्तू आल्या. इन्व्हर्टर आणि डिझेल जनरेटर. इन्व्हर्टर बॅटरीत साठवलेल्या विजेवर पंखे-दिवे चालवतो, मोटर ओढायची त्याची ताकद नसते. आख्खे घर किंवा कारखाना चालवायचा तर जनरेटरच हवा. तो नुसता आणून ठेवूनही भागत नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, तेव्हा त्या हिशेबाने जनरेटर मोठा लागतो. स्वतंत्र अर्थिंग लागते. आणि सर्वांत महत्त्वाचा चेंजओव्हर स्विच, जो घराची तार एका वेळी एकाच बाजूला जोडतो. तो नसेल तर घरातली वीज उलटी बाहेरच्या तारेत जाते, ट्रान्सफॉर्मरमधून तिचे अकरा हजार व्होल्ट होतात आणि खांबावर दुरुस्ती करणारा वायरमन जिवाला मुकतो. आपल्या घरातला उजेड दुसऱ्याच्या जिवावर कसा बेतू शकतो, याचे याहून सरळ उदाहरण नाही.

पुण्याने २००६ साली या जनरेटरचा एक वेगळा उपयोग केला. उद्योजकांच्या संघटनेने प्रस्ताव मांडला, की कारखान्यांकडे डिझेल जनरेटर आहेतच. मागणीच्या वेळी ते चालवावेत आणि कारखान्यांची वाचलेली वीज शहराला द्यावी. डिझेलचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांच्या बिलातून भागवावा, लहान ग्राहकांना झळ लागू नये. वीज नियामक आयोगाने मंजुरी दिली आणि त्या जूनमध्ये पुणे भारनियमनातून सुटले. कल्पना चांगली होती यात वाद नाही. खासगी यंत्र सार्वजनिक कामाला लागले. पण ती तिथेच शक्य होती, जिथे जनरेटर आधीच होते आणि जादा बिल भरणारे खिसेही होते.

हे दोन्ही मालेगावात नव्हते. मालेगाव आणि भिवंडी ही विणकरांची गावे. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन-अन्सारी कुटुंबांनी तिथे हातमाग रुजवला, विसाव्या शतकात त्याची जागा यंत्रमागाने घेतली. माग विजेवर चालतो आणि मजुरी मीटरवर मिळते. माग थांबला की मजुरी थांबली, मग कामगार तिथे बारा तास बसून का राहीना.

हिशेब साधा आहे. एक अश्वशक्तीची मोटर असे बारा माग धरले तर जवळपास नऊ किलोवॉट लागतात. डिझेल जनरेटर एका लिटरमागे तीन-साडेतीन युनिट देतो. म्हणजे तासाला तीन लिटरच्या आसपास डिझेल. त्या वर्षांतल्या भावाने एक युनिट दहा रुपयांच्या वर जात होते, यंत्रमागाची सवलतीची वीज मात्र त्याच्या काही अंशाला. डिझेलवर विणलेले कापड बाजारात तोट्यातच गेले असते. म्हणून बारा मागांचा मालक जनरेटर घेत नसे. तो माग बंद ठेवून ओट्यावर बसत असे. मी या गल्ल्यांतून फिरलो आहे. तिथे वीज गेल्याचे डोळ्यांआधी कानांना कळते. एकदम शांतता पसरते, आणि त्या शांततेला कुणी आराम म्हणत नाही.

२००६ आणि २००७ चा रमजान सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आला. ऑक्टोबरचा उकाडा, शेतीपंपांची मागणी आणि भारनियमन एकत्रच असते. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा वर्गणी काढून मशिदीत इन्व्हर्टर बसवला, तरावीहला निदान पंखे चालावेत म्हणून. आख्ख्या मोहल्ल्याला मिळून परवडलेली ती एकच यंत्रणा होती.

पुढे भारनियमनाला एक सूत्र लावले गेले. ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधार जास्त. फीडरचे गट पाडले गेले. कंपनीच्या बाजूने हे तर्काला धरून होते, चोरीचे पैसे शेवटी प्रामाणिक ग्राहकच भरतो. पण फीडर माणूस ओळखत नाही. दर महिन्याला बिल भरणारी विधवा आणि आकडा टाकणारा शेजारी एकाच तारेवर असतात, दोघांना सारखाच अंधार मिळतो. बिल भरूनही शिक्षा भोगणाऱ्यांत गरीब वस्त्यांतलेच लोक जास्त होते, कारण ज्याला जनरेटर परवडतो त्याला ही शिक्षा जाणवतच नाही. भिवंडीत २००७ च्या जानेवारीत वितरण खासगी कंपनीकडे गेले, मालेगावात २०२० साली. भिवंडीतली निम्म्याहून जास्त असलेली गळती खूप खाली आली, हे खरे. बिलांच्या तक्रारी आणि मोर्चे निघाले, हेही खरे.

मुंबई या सगळ्यापासून दूर होती. राज्यातले जाळे कोसळले तरी शहर वेगळे काढून चालू ठेवण्याची तिची व्यवस्था होती. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी तीही कोसळली. लोकल जागेवर थांबल्या, कोरोनाचे रुग्ण असलेली रुग्णालये जनरेटरवर गेली. काही तासांच्या त्या अंधाराची चौकशी झाली, देशभर बातम्या झाल्या. मालेगावच्या रोजच्या अंधाराची कधी बातमीही झाली नव्हती.

म्हणून कुणी जनरेटर बसवत असेल तर माझी तक्रार नाही. घरात ऑक्सिजनवर असलेले वडील असतील, तर तो बसवलाच पाहिजे. चेंजओव्हर नीट लावा, धूर शेजाऱ्याच्या खिडकीत सोडू नका, एवढेच. माझे म्हणणे दुसरे आहे. ज्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचतो त्यांनी आपापल्या अंगणात जनरेटर ठेवले, की वीज गेल्याची तक्रार करायला उरतात फक्त ते, ज्यांचे कुणी ऐकत नाही. पुण्याने जनरेटर एकत्र आणून शहराचा अंधार घालवला. विणकरांच्या गावांसाठी तसा विचार त्या वर्षांत झाला नाही, आणि त्याची किंमत मीटर-मीटरने कापली गेली.