आधी दिवा, मग रथ

बेंगळुरूच्या विमानतळावर उतरणारा मराठी माणूस देवनहळ्ळीच्या परिसरात पाऊल ठेवतो, हे सहसा त्याच्या ध्यानी येत नाही. टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून हे गाव प्रसिद्ध. तेथील जुन्या किल्ल्यात वेणुगोपालस्वामींचे देऊळही आहे. या मुलखातील देवळांच्या जमाखर्चाचा इतिहास प्रशासनाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे.

पूर्वी देवळाचा संसार जमिनीवर चाले. पुजारी, वाजंत्री, माळी यांच्या निर्वाहाची सोय इनामातून होई. टिपूच्या काळात बरीच इनामे खालसा झाली. 1799 नंतर दिवाण पूर्णय्यांनी त्यांतील काही पुन्हा चालू केली. पुढे 1955 च्या कायद्याने म्हैसूर राज्यातील धार्मिक इनामे संपुष्टात आली आणि त्यांच्या जागी 'तस्दीक', म्हणजे वार्षिक रोख नेमणूक, आली. महागाई वाढली की धान्याचे मोलही वाढते. ठरीव रोकड मात्र आहे तेथेच राहते. कपातीचा हुकूम कोणी काढला नाही, तरी कपात झाली.

अशा वेळी काय राखावे? परंपरेने नित्य आधी आणि नैमित्तिक नंतर, असा क्रम घालून दिला आहे. व्यवहारात तो सहज उलटतो. उत्सवाला देणगीदार मिळतो, कारण तेथे त्याचे नाव झळकते. झाडणाऱ्याच्या पगारासाठी पावती कोण फाडणार? म्हणून रथ थाटाने निघतो आणि माणसे मात्र एकेक करून गळतात.

कर्नाटकात वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असलेली देवळे 'क' वर्गात मोडतात, आणि मुजराई खात्याकडील बहुसंख्य देवळे याच वर्गातली आहेत. 2025-26 च्या अर्थसंकल्पात त्यांची तस्दीक 60,000 वरून 72,000 रुपये करण्यात आली. म्हणजे महिन्याला 6,000. करोनाच्या काळात देवळे बंद पडली, तेव्हा याच अर्चकांना 2021 मध्ये सरकारने 3,000 रुपयांचे साहाय्य दिले. सरकारी अनुदानाचे खरे काम यातून दिसते: ज्याला देणगीदार मिळत नाही, ते टिकवणे.

परमुलखातील आपल्या मंडळांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. वर्गणी आटली की गणेशोत्सवाचा मांडव तसाच राहतो आणि रविवारच्या मराठी वर्गाच्या शिक्षिकेचे मानधन प्रथम थांबते. अंदाजपत्रक मांडताना नित्याचा खर्च आधी बाजूला काढावा आणि उरलेल्यात उत्सव बसवावा. लहान झालेला उत्सव पुढच्या वर्षी मोठा करता येतो. गेलेले माणूस परत येईलच असे नाही.