पन्हाळ्यावरून ‘गुपचूप’ : एका क्रियाविशेषणाची किंमत

माझं शिक्षण एम.एस्सी. भूशास्त्र आणि पीएच.डी.चं काम पन्हाळ्याच्या पाणीव्यवस्थेवर. त्यामुळे इतिहास फक्त पहिल्या प्रकरणापुरता लागेल, असं मी धरून चाललो होतो. त्या प्रकरणात मी इंग्रजीत एक साधं वाक्य लिहिलं : १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून ‘सरेप्टिशसली’ निघाले. शब्द भारदस्त वाटला म्हणून घातला होता. मार्गदर्शक सरांनी त्याभोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं, “हा शब्द कुणाच्या नजरेतून?”

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना जे शिकलो, ते तुमच्यासाठी लिहितोय, कारण तुमच्याही पहिल्या प्रकरणात असा एखादा शब्द बसलेला असणार.

आधी शब्द बघू. मराठीत आपण गुपचूप, लपूनछपून, चोरून, नकळत असं म्हणतो. इंग्रजीतही असे बरेच शब्द आहेत, पण ते एकाऐवजी दुसरा असे वापरता येत नाहीत. ‘सीक्रेटली’ सगळ्यांत व्यापक : कृतीलाही चालतो, मनातल्या इच्छेलाही चालतो. ‘स्टेल्थिली’ला सहसा शरीराची हालचाल लागते : दबकत चालणं, चढणं, सरकणं. मनातल्या मनात कुणी ‘स्टेल्थिली’ इच्छा धरत नाही. ‘सरेप्टिशसली’ म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांदेखत, त्याचं लक्ष नाही असं बघून केलेली छोटी चलाखी : परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणं. ‘फर्टिव्हली’त भीती किंवा अपराधी भाव असतो. ‘कव्हर्टली’ म्हणजे झाकून, आखणी करून. आणि ‘क्लॅन्डेस्टाइनली’त बऱ्याचदा ‘हे करायला नको होतं’ असा सूर येतो.

आता हे शब्द पन्हाळ्यावर लावून पाहू.

मार्च १६६० मध्ये आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने गडाला वेढा घातला. जुलैत, भर पावसात, महाराज सुमारे ६०० माणसांसह राजदिंडीच्या वाटेने बाहेर पडले आणि विशाळगडाकडे निघाले. इथे ‘स्टेल्थिली’ बसतो, कारण पहाऱ्यांमधून माणसं प्रत्यक्ष सरकत होती. माझा ‘सरेप्टिशसली’ मात्र चुकला होता. त्यात क्षुद्र चलाखीचा वास आहे. जौहरच्या छावणीतून कुणी पत्र लिहिलं असतं, तर कदाचित तो शोभला असता. म्हणजे मी नकळत वेढा घालणाऱ्याच्या बाजूला उभा राहून वाक्य लिहिलं होतं.

त्याच रात्रीची दुसरी गोष्ट. परंपरा सांगते, की नेबापूरचे शिवा काशिद महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसले, पकडले गेले आणि मारले गेले. त्यांच्यासाठी कुठलं क्रियाविशेषण वापराल? वर दिलेलं एकही चालत नाही. त्यांचं काम लपण्याचं नव्हतंच, दिसण्याचं होतं. ‘सगळे गुपचूप निघाले’ असं एका दमात लिहिलं, की दिसण्यासाठी जीव दिलेला हा माणूस वाक्यातून पुसला जातो. एका शब्दाने एवढं होतं.

अजून एक. ‘अंधाऱ्या रात्रीचा फायदा घेऊन’ असं आपण सहज लिहून टाकतो. पण तिथी आषाढ पौर्णिमेची सांगतात. अंधार असलाच तर तो ढगांचा आणि पावसाचा होता, अमावस्येचा नव्हता.

त्याच वेढ्यातला उलटा नमुना पाहा. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन पन्हाळ्यापुढे आला आणि इंग्रजांचं निशाण लावून गडावर मारा केला. तिथे गुप्त काहीच नव्हतं. योग्य शब्द ‘ओपनली’, उघडउघड. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर घेतलं आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलं. तिथे ‘कव्हर्टली’ लिहिलंत, तर महाराजांच्या या कारवाईचं कारणच वाचकाला कळणार नाही.

१६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद अवघे ६० लोक घेऊन रात्री कडा चढून गडावर गेले. ती फाल्गुन वद्य त्रयोदशी, म्हणजे खरोखर काळोखी रात्र. या मोहिमेवर जयराम पिंड्ये यांनी ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचलं. कडा चढणं ‘स्टेल्थिली’, यात वाद नाही. पण वर पोचल्यावर त्यांनी कर्णे फुंकून शत्रूची दाणादाण उडवली. त्यामुळे ‘त्यांनी गड गुपचूप घेतला’ हे वाक्य अर्धंच खरं. क्रियाविशेषण कुठल्या क्रियापदाला जोडायचं, ते ठरवा : ‘चढले’ला जोडा, ‘घेतला’ला नको.

सगळ्यांत अवघड प्रसंग १६८० चा. ३ एप्रिलला रायगडावर महाराजांचं निधन झालं, तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. रायगडावरच्या काही कारभाऱ्यांनी ती बातमी त्यांच्यापासून लपवायचा प्रयत्न केला आणि राजारामांना गादीवर बसवलं. इथे ‘कव्हर्टली’ लिहिलंत, तर तुम्ही फक्त झाकाझाक नोंदवली. ‘क्लॅन्डेस्टाइनली’ लिहिलंत, तर ते कृत्य गैर होतं असा निकालही दिलात. निकाल द्यायला हरकत नाही. पण तो पुरावे मांडून, स्वतंत्र वाक्यात द्या. शब्दाच्या आडून देऊ नका. विज्ञानात आपण निरीक्षण आणि चर्चा वेगळ्या विभागांत लिहितो ना? तसंच.

मराठीची एक गंमत सांगतो, कारण घोळ इथेही होतो. गडावरच्या अंधारबावेत चोरवाट आहे. अनेक किल्ल्यांना चोरदरवाजे असतात. त्यात चोरीचा काहीच संबंध नाही, आपल्याकडे या ‘चोर’ला दोष चिकटत नाही. इंग्रजीत ‘स्टेल्थ’ हा शब्दही चोरीच्याच क्रियापदाचा भाऊबंद आहे, पण त्याचा दोष आता धुतला गेलाय. ‘फर्टिव्ह’चं मूळ लॅटिनमधल्या चोरात आहे आणि त्याचा दोष मात्र अजून टिकून आहे. म्हणून ‘चोरपावलांनी’चं भाषांतर ‘फर्टिव्हली’ केलंत, तर शूर माणूस अपराधी दिसायला लागतो. शब्दकोशात दोन्ही जवळजवळ दिसतील, पण तेवढ्यावर विसंबू नका.

मी आता असा शब्द आला की तीन प्रश्न विचारतो. कुणापासून लपवलं? नेमकी कुठली कृती लपवली? आणि दोष साधनात नोंदवलाय, की मी चिकटवतोय? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर शब्द काढून टाकतो.

माझं ते वाक्य आता असं आहे : १६६० च्या जुलैत, वेढा चालू असताना, महाराज रात्री पावसात गडाबाहेर पडले. त्यात एकही भारदस्त शब्द नाही. सरांनी त्यावर गोल काढला नाही.