गटाचा एकत्र हिशेब: रिपोर्टिंग आणि कन्सॉलिडेशन सॉफ्टवेअरमध्ये फरक काय? कोणाला कोणते पुरेल?

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री, चंदगड तालुक्यातील शिनोळीत मशीन शॉप आणि गोव्यात वेर्ण्याला विक्रीचे ऑफिस. सीमाभागात धंदा वाढला की तो असा दोन-तीन राज्यांत पसरतो. इंदूर, वडोदरा, हैदराबादेतल्या मराठी उद्योजकांचेही वेगळे नाही. प्रत्येक ठिकाणचा अकाउंटंट आपापली पुस्तके नीट ठेवतो. पण ‘सगळं मिळून आपण कुठं आहोत?’ असे मालकाने किंवा बँक मॅनेजरने विचारले की चार दिवस एक्सेलवर आकडे जुळवण्यात जातात. मग कोणीतरी नवे सॉफ्टवेअर सुचवतो.

बाजारात ‘बिझनेस रिपोर्टिंग’ आणि ‘फायनान्शियल कन्सॉलिडेशन’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात ही दोन वेगळी कामे आहेत. आपली गरज कोणती हे न ठरवता खरेदी केली तर दोनपैकी एक होते. हातातल्या साधनावर होणाऱ्या कामासाठी पैसे जातात, नाहीतर पैसे घालूनही चुकीचा आकडा बँकेपुढे जातो.

बेरीज म्हणजे कन्सॉलिडेशन नव्हे

रिपोर्टिंग म्हणजे पुस्तकात आहे तेच नीट मांडून दाखवणे. शाखानिहाय विक्री, ६० दिवसांवरची येणी, मालाचा साठा, महिन्याचा नफा-तोटा हे सारे रिपोर्टिंगमध्ये येते. कन्सॉलिडेशन म्हणजे दोन किंवा अधिक कंपन्या जणू एकच आहेत असे धरून ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक नव्याने तयार करणे. त्यात आपसातले व्यवहार वगळावे लागतात.

एक साधे उदाहरण घेऊ. बेळगावच्या कंपनीने ८० लाख रुपये खर्चून कास्टिंग बनवले आणि १०० टक्के मालकीच्या शिनोळीच्या कंपनीला १ कोटीला विकले. शिनोळीने त्यातला तीन चतुर्थांश माल बाहेरच्या गिऱ्हाइकाला १ कोटी ५ लाखांना विकला, उरलेला मार्चअखेर गोदामात राहिला. मशिनिंगचा खर्च आणि कर सोपेपणासाठी बाजूला ठेवू.

नुसती बेरीज केली तर उलाढाल २ कोटी ५ लाख दिसते. बेळगावचा नफा २० लाख, शिनोळीचा ३० लाख, म्हणजे एकूण ५० लाख. पण गटाबाहेर विक्री झाली ती १ कोटी ५ लाखांचीच. त्या मालाचा मूळ खर्च ६० लाख, म्हणून खरा नफा ४५ लाख. उरलेले ५ लाख गोदामातल्या मालात अडकलेले आहेत. तो माल बाहेर विकला जाईपर्यंत हा नफा गटाचा धरता येत नाही. साठाही २५ लाखांऐवजी २० लाखांनाच दाखवावा लागतो.

हा फरक कागदापुरता राहत नाही. लहान उद्योगांना खेळते भांडवल देताना बँका अंदाजित उलाढालीच्या किमान २० टक्के हा नायक समितीचा ठोकताळा वापरतात. १ कोटीची आपसातली विक्री उलाढालीत धरली गेली तर २० लाखांची जादा मर्यादा पदरात पडू शकते. सुरुवातीला ते बरे वाटते. पण त्या २० लाखांच्या मागे वसूल होणारी विक्रीच नसते. व्याज चढत जाते आणि हप्ता किंवा व्याज ९० दिवसांवर थकले की खाते एनपीए होते.

आधी पॅन मोजा, मग जीएसटी नंबर

सीमाभागात इथेच घोळ होतो. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०, गुजरात २४, मध्य प्रदेश २३, तेलंगणा ३६. तीन राज्यांत कारभार असेल तर तीन नंबर घ्यावेच लागतात. पण तीन नंबर म्हणजे तीन कंपन्या नव्हेत. पॅन एकच असेल तर संस्था एकच आणि ताळेबंदही एकच. तिथे कन्सॉलिडेशनचा प्रश्न येत नाही. शाखानिहाय रिपोर्टिंग नीट लावले की काम भागते.

अर्थात एकाच पॅनखाली उद्यमबागेतून शिनोळीला माल गेला तरी जीएसटीच्या लेखी त्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. मोबदला नसला तरी त्यावर आयजीएसटी लागतो. त्यामुळे रिटर्नमधली उलाढाल आणि ताळेबंदातली विक्री यांत तफावत दिसते. ५ कोटींवरच्या उलाढालीला भराव्या लागणाऱ्या जीएसटीआर-९सी मध्ये ही तफावत समजावून द्यावी लागते. म्हणून ‘शाखा बदली’चे खाते विक्रीपासून वेगळे ठेवलेले बरे.

पॅनच वेगवेगळे असतील, म्हणजे वडिलांची प्रोप्रायटरी, दोघा भावांची भागीदारी आणि एक प्रायव्हेट लिमिटेड असा मामला असेल, तर चित्र तिसरेच. तिथे कंपनी कायद्याखाली एकत्र ताळेबंदाची सक्ती नाही. पण बँक ‘ग्रुप पोझिशन’ मागते, आणि तीही आपसातले व्यवहार वगळूनच द्यायला हवी.

कायदा कोणाला लागू?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२९(३) नुसार उपकंपनी किंवा सहयोगी कंपनी असलेल्या प्रत्येक कंपनीला स्वतःच्या ताळेबंदासोबत एकत्रित ताळेबंदही करावा लागतो. निम्म्याहून जास्त मताधिकार हातात असेल किंवा संचालक मंडळाच्या रचनेवर ताबा असेल तर ती उपकंपनी. किमान २० टक्के मताधिकार असेल तर सामान्यतः सहयोगी. सूचिबद्ध नसलेल्या मधल्या कंपनीला काही अटींवर सूट मिळते, उदाहरणार्थ तिच्या वरची होल्डिंग कंपनी एकत्रित ताळेबंद रजिस्ट्रारकडे दाखल करत असेल तर.

हिशेबाची पद्धत दोन प्रकारची आहे. २५० कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना आणि शेअर बाजाराच्या मुख्य यादीतल्या कंपन्यांना इंड एएस ११० लागू होते. बाकीच्यांना एएस २१. दोन्हींत आपसातली विक्री, येणी-देणी आणि न मिळालेला नफा वगळायचाच असतो. बाहेरच्या भागधारकांचा हिस्साही वेगळा दाखवायचा असतो.

आणखी एक नियम विसरून चालत नाही. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीचे अकाउंटिंग सॉफ्टवेअर ‘ऑडिट ट्रेल’ ठेवणारे असावे लागते. कोणती नोंद कधी बदलली याची खूण त्यात राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावे लागते. म्हणजे एकत्रीकरण एक्सेलमध्ये केले तरी मूळ पुस्तके एक्सेलमध्ये ठेवणे कंपनीला चालत नाही.

टॅलीप्राइम

१९८६ पासून बाजारात असलेली टॅली सीमेच्या दोन्ही बाजूंच्या अकाउंटंटना पाठ आहे, हा तिचा मोठा फायदा. २०२३ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून एकाच कंपनीत अनेक जीएसटी नंबर ठेवता येतात. त्यामुळे एक पॅन, तीन राज्ये अशा धंद्याला वेगळे काही घ्यायची गरज बहुधा पडत नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांसाठी टॅलीत ‘ग्रुप कंपनी’ची सोय आहे. निवडलेल्या कंपन्यांचे आकडे ती एकत्र दाखवते. पण ती बेरीज असते. बेळगाव-शिनोळीची आपसातली विक्री ती आपोआप वगळत नाही. त्यासाठी एक ॲडजस्टमेंट कंपनी उघडून तिच्यात उलट नोंदी घालायच्या आणि तिला गटात सामील करायचे, असा मार्ग काढता येतो. दोन-तीन कंपन्यांपर्यंत हे जमते. हिस्सा ७० टक्के-३० टक्के असा असेल किंवा परदेशी चलन मध्ये आले तर हाताने करायचे काम फार वाढते.

झोहो बुक्स आणि झोहो ॲनालिटिक्स

गोव्यात बसून हैदराबादचे बिल पाहायचे असेल तर ब्राउझरवर चालणारे झोहो बुक्स सोयीचे. एका संस्थेत शाखा आणि त्यांचे वेगवेगळे जीएसटी नंबर ठेवता येतात. वेगळी कंपनी मात्र वेगळी ‘ऑर्गनायझेशन’ म्हणून उघडावी लागते. अशा अनेक कंपन्यांचा डेटा झोहो ॲनालिटिक्समध्ये ओढून एकत्र अहवाल करता येतो. एलिमिनेशनचे सूत्र तिथेही आपल्यालाच बसवावे लागते. मालकाला मोबाइलवर रोजचे आकडे पाहायचे असतील तर ही जोडी कामाची.

एक्सेल आणि पॉवर बीआय

एक्सेलची बदनामी फार होते, ती सगळी खरी नाही. २०१६ पासून एक्सेलमध्येच असलेली पॉवर क्वेरी वापरली तर प्रत्येक कंपनीचा ट्रायल बॅलन्स एका फोल्डरमध्ये ठेवून एका बटणावर एकत्र करता येतो. कॉपी-पेस्टच्या चुका कमी होतात. एलिमिनेशनच्या नोंदी वेगळ्या शीटवर, तारीख आणि कारणासह ठेवल्या तर ऑडिटरलाही त्या तपासता येतात. धोका दुसराच आहे. फाइल एकाच माणसाच्या डोक्यात असते. तो नोकरी सोडून गेला की सूत्रे कोणालाच कळत नाहीत.

मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय हे रिपोर्टिंगचे साधन आहे. त्याचे डेस्कटॉप रूप फुकट मिळते. इतरांना अहवाल ऑनलाइन दाखवायचे तर परवाना लागतो. टॅलीचा डेटा ओडीबीसीने त्यात आणता येतो. आलेख सुरेख दिसतात, पण आत आलेला आकडा चुकीचा असेल तर बाहेर चुकीचा आकडाच सुरेख दिसतो.

फॅदम, सिफ्ट ही नावेही इंटरनेटवर शोधताना पुढे येतात. त्यांचा मुख्य भर झीरो आणि क्विकबुक्ससारख्या परदेशी पुस्तकांवर आहे. क्विकबुक्सने तर २०२३ मध्ये भारतातली सेवाच बंद केली आणि इथल्या वापरणाऱ्यांना आपला डेटा दुसरीकडे हलवावा लागला.

मोठी यंत्रणा

एसएपीचे ग्रुप रिपोर्टिंग, ऑरॅकलचे फायनान्शियल कन्सॉलिडेशन अँड क्लोज, वनस्ट्रीम, आयबीएमचे कंट्रोलर आणि वॉल्टर्स क्लुवरचे टॅगेटिक ही खऱ्या अर्थाने कन्सॉलिडेशनची साधने. आपसातले व्यवहार जुळवणे, हिस्सा बदलला तर त्याचा परिणाम, चलनाचे रूपांतर आणि मंजुरीची साखळी हे सगळे त्यांत बसवलेले असते. मूळ हायपेरियन नावाने ओळखले जाणारे उत्पादन ऑरॅकलने २००७ मध्ये विकत घेतले. मूळचे इटालियन असलेले टॅगेटिक २०१७ मध्ये वॉल्टर्स क्लुवरकडे गेले. या क्षेत्रात मालक बदलत राहतात, त्यामुळे करार करताना पुढच्या सपोर्टची वर्षे लिहून घेणे शहाणपणाचे.

ही यंत्रणा बसवायला सल्लागार लागतो, महिने लागतात आणि चालवायला वेगळा माणूस लागतो. डझनभर कंपन्या, परदेशी उपकंपन्या किंवा तिमाही निकाल जाहीर करायची सक्ती असेल तरच हा खर्च परवडतो. चार कंपन्यांच्या गटाने ती घेणे म्हणजे पापड भाजायला भट्टी पेटवणे.

सॉफ्टवेअरआधी घरचे काम

कोणतेही साधन घेतले तरी तीन गोष्टी आपल्यालाच कराव्या लागतात.

पहिली, खात्यांची नावे सारखी करणे. बेळगावच्या पुस्तकात ‘फ्रेट इनवर्ड’, शिनोळीत ‘वाहतूक’ आणि गोव्यात ‘हमाली-गाडीभाडे’ असेल तर यंत्राला ती तीन वेगळी खाती दिसणार. एक यादी ठरवून सगळीकडे तीच लावावी.

दुसरी, आपसातली खाती दर महिन्याला जुळवणे. ३१ मार्चला बेळगावहून निघालेला माल २ एप्रिलला वडोदऱ्याला पोचला तर एका पुस्तकात विक्री आहे आणि दुसऱ्यात खरेदी नाही. एकाने रक्कम करासह धरली, दुसऱ्याने कराशिवाय, तरीही तेच. मार्चएंडला हे शोधण्यापेक्षा दर महिन्याच्या ५ तारखेला शोधणे सोपे.

तिसरी, आपसातल्या मालावर नफा किती लावला आणि त्यातला किती माल शिल्लक आहे याची नोंद ठेवणे. वरच्या उदाहरणातले ५ लाख या नोंदीशिवाय कोणत्याही सॉफ्टवेअरला सापडणार नाहीत.

थोडक्यात

एक पॅन आणि अनेक राज्ये असतील तर टॅलीप्राइम किंवा झोहो बुक्समध्ये शाखा नीट लावणे पुरते. दोन ते चार कंपन्या आणि पूर्ण मालकी असेल तर टॅलीची ग्रुप कंपनी किंवा पॉवर क्वेरीची फाइल, आणि सोबत जाणकार सीए. पाच-दहा कंपन्या आणि भागीदारांचे वेगवेगळे हिस्से असतील तर झोहो ॲनालिटिक्स किंवा पॉवर बीआयवर नीट बांधलेली रचना. त्यापुढे मोठ्या यंत्रणेचा विचार करावा.

विक्रेत्याच्या डेमोला बसताना त्याचा नमुना डेटा पाहू नये. आपल्याच दोन कंपन्यांचे गेल्या मार्चचे ट्रायल बॅलन्स द्यावेत आणि तीन प्रश्न विचारावेत. आपसातली विक्री वगळून दाखवा. शिल्लक मालातला नफा काढून दाखवा. आणि उद्या आम्ही सोडून गेलो तर सगळा डेटा एक्सेलमध्ये परत कसा मिळेल ते दाखवा. तिन्हींची उत्तरे पडद्यावर दिसली तरच चेकबुक काढावे.